वाचकांचे प्रश्न : एकाच गिटारमध्ये इलेक्ट्रिक आणि अकूस्टिक

प्रश्न : आमच्या बँडमध्ये अर्धी गाणी इलेक्ट्रिकवर असतात, अर्धी अकूस्टिकवर. दोन गिटारी वागवण्यापेक्षा दोन्ही आवाज देणारी एखादी वापरलेली इलेक्ट्रिक घ्यावी म्हणतो. जाहिरातींत ‘पिएझो’, ‘हायब्रिड’, ‘मॉडेलिंग’ असं काय काय दिसतं. यातलं काय घ्यावं?

उत्तर : नावं बरीच असली तरी मार्ग तीनच आहेत. ‘हायब्रिड’ म्हणजे दोन्ही आवाज देणारी कुठलीही गिटार.

पहिला मार्ग म्हणजे नेहमीची सॉलिड बॉडीची इलेक्ट्रिक आणि तिच्या ब्रिजच्या सॅडलमध्ये (तारा बॉडीकडच्या टोकाला ज्यावर टेकतात त्या आधारांत) बसवलेले पिएझो स्फटिक. चुंबकीय पिकअप पोलादी तारेची हालचाल टिपतो, तर पिएझो तारेचा सॅडलवर पडणारा बदलता दाब टिपतो. म्हणून त्याच्या आवाजात तारेचा कडकपणा आणि वरच्या पट्टीतली चमक येते. १९९३ साली आलेली पार्कर फ्लाय ही या जातीची सर्वांत गाजलेली गिटार. गोडिनची अनेक मॉडेल, म्युझिक मॅनची जॉन पेट्रुची मालिका (सगळ्यांत पिएझो नसतो, विचारून घ्या) आणि फेंडरची नॅशव्हिल पॉवर टेली हीही याच वर्गातली.

दुसरा मार्ग पोकळ बॉडीचा. टेलरची टी५ (२००५) आणि फेंडरची अकूस्टासॉनिक टेलिकास्टर (२०१९) या गिटारी खरं तर अकूस्टिककडून इलेक्ट्रिककडे आलेल्या आहेत. त्यांचा अकूस्टिक आवाज जास्त नैसर्गिक वाटतो, पण मोठ्या आवाजात जड डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम) लावलं की बॉडी घुमायला लागते.

तिसरा मार्ग मॉडेलिंगचा. लाइन ६ची व्हॅरिअ‍ॅक्स हे त्याचं ठळक उदाहरण. सॅडलमधला पिएझो सिग्नल आतला प्रोसेसर घेतो आणि त्यातून बारा तारांची गिटार, बँजो, वाटेल ते घडवतो.

तुमची वाटणी अर्धी-अर्धी असेल तर पहिला मार्ग धरा, आणि त्यातही वेगवेगळी सहा सॅडल, ९ व्होल्टची साधी बॅटरी आणि नेहमीच्या मापाचा ब्रिज असलेली गिटार बघा. वापरलेल्या वस्तूत आवाजाइतकाच महत्त्वाचा मुद्दा सुट्या भागांचा असतो. फिशमन किंवा ग्राफ टेक या पिएझो बनवणाऱ्या कंपन्यांचं सॅडल खराब झालं तर ते बदलता येतं. मॉडेलिंग गिटारचा मुख्य बोर्ड गेला तर दुरुस्ती कोण करणार हे आधी शोधून ठेवावं लागतं, आणि जेम्स टायलर व्हॅरिअ‍ॅक्सला तिची स्वतःची लिथियम बॅटरी लागते. ती मरत आली असेल तर खर्चात धरा. पार्करचं उत्पादन थांबलेलं आहे आणि तिच्या ट्रेमोलोची (दांड्याने सूर खालीवर करणाऱ्या ब्रिजची) चपटी स्प्रिंग तारांच्या जाडीप्रमाणे निवडलेली असते. तारांची जाडी बदलली की स्प्रिंगही बदलावी लागते, म्हणून जास्तीच्या स्प्रिंगा सोबत मिळतात का ते विचाराच.

प्रश्न : गिटार बघायला जाताना काय काय तपासू? विकणारा म्हणतो, ‘पिएझो चालतो, फक्त बॅटरी उतरली आहे.’

उत्तर : बॅटरी तुम्हीच घेऊन जा. नवी ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी, स्वतःची केबल, छोटा स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर आणि ट्यूनर एवढं पुरे. शक्य असेल तर हेडफोन लावता येईल असा छोटा मिक्सर किंवा ऑडिओ इंटरफेसही न्या, कारण बहुतेक विक्रेते गिटार साध्या गिटार ॲम्पला लावून दाखवतात. त्या ॲम्पचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वर झपाट्याने पडतो. पिएझोची सगळी चमक तिथेच असते, त्यामुळे चांगला पिएझोही त्यावर मुका वाटतो आणि वाईट पिएझोचे दोष झाकले जातात.

आधी बॅटरीचा कप्पा उघडा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड असेल तर बॅटरी कधीतरी आत गळलेली आहे. क्लिपच्या वायरीपर्यंत गंज पोचला का ते बघा. क्लिप बदलणं सोपं, पण तो गंज प्रीॲम्पच्या (पिएझोचा सिग्नल सावरणाऱ्या सर्किटच्या) बोर्डावर गेला असेल तर गिटार सोडून द्या.

मग स्विच फक्त पिएझोवर ठेवून प्रत्येक तार मोकळी आणि बाराव्या फ्रेटवर, एकाच जोराने, अंगठ्याने छेडा. पिक नको, पिकच्या आघातात फरक लपतो. सहाही तारा जवळपास सारख्या ऐकू यायला हव्यात. बिनवेटोळ्याची (वर बारीक तार न गुंडाळलेली) जाड तिसरी तार थोडी पुढे येते, तो दोष नाही. यानंतर प्रत्येक सॅडलवर नखाने टकटक करा. टकटक स्पीकरमधून स्वच्छ आली, पण तार दबकी, तर स्फटिक जिवंत आहे आणि अडचण तार बसण्यात आहे. टकटक आलीच नाही तर वायर किंवा स्फटिक गेलेला आहे.

इथे मल्टिमीटरने ओहम मोजून निकाल देऊ नका. पिएझो हा कपॅसिटरसारखा असतो, त्यामुळे धडधाकट असला तरी मीटर उघडं सर्किट दाखवतो. शून्याजवळचा आकडा आला तर मात्र कुठेतरी शॉर्ट आहे. चुंबकीय पिकअपला ही मोजणी चालते: सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याचा पिकअप) साधारण ५ ते ७ किलोओहम, हंबकरला (दोन वेटोळ्यांचा) ७ ते ९ किंवा त्याहून जास्त.

आता ब्लेंडचा नॉब मधोमध आणा, म्हणजे दोन्ही आवाज एकत्र. आवाज भरदार होण्याऐवजी खर्ज नाहीसा होऊन पातळ झाला तर दोन्ही सिग्नल उलट फेजमध्ये आहेत, म्हणजे एकमेकांना खोडतात. काही प्रीॲम्पवर त्यासाठी छोटा स्विच असतो. नसेल तर हंबकरच्या दोन वायरींची अदलाबदल करून भागतं, मात्र ज्या वायरीला शील्डही जोडलेली आहे तिची उलटापालट करता येत नाही, ती आधी वेगळी करावी लागते. घासाघीस करायला हा चांगला मुद्दा, गिटार नाकारायला मात्र नाही.

फ्रेटही पिएझोवरच ऐका. चुंबकीय पिकअपमध्ये न जाणवणारी तारेची खरखर पिएझोमध्ये लखलखीत ऐकू येते, ट्रेमोलोच्या स्प्रिंगांचा झणत्कारही. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतली फट बघा: ०.२ ते ०.२५ मिलीमीटर ठीक. फट बरोबर असूनही ठरावीक फ्रेटवर खरखर असेल तर फ्रेट झिजलेले आहेत, आणि ते घासून सपाट करण्याचा खर्च तुमच्या माथी येणार.

शेवटी जॅकमधली केबल हलवा, नॉब पूर्ण फिरवा. खरखर नुसती नॉबची असेल तर क्लीनर मारून जाते. पिएझोच न चालणारी गिटार ही फक्त एक इलेक्ट्रिक गिटार आहे, त्यापेक्षा जास्त पैसे तिचे होत नाहीत.

प्रश्न : घेतलेल्या गिटारमध्ये पिएझोवर चौथी तार अगदी दबकी येते. बाकी पाच छान. गिटार परत करू का?

उत्तर : लगेच नको. तार सैल करून सॅडल उचला आणि खाली, खाचेत धूळ किंवा तारेचा तुकडा आहे का बघा. मग तार पुन्हा चढवून सॅडलच्या मागे तिचा कोन बघा. तार सॅडलवरून जवळपास सरळ जात असेल तर दाबच पुरेसा पडत नाही. सॅडल किंचित वर घ्या किंवा मागचा ब्रिजचा तुकडा खाली घ्या.

याने फरक पडला नाही तर वायरीकडे वळा. वेगळ्या सॅडलच्या प्रत्येक स्फटिकातून केसासारखी बारीक शील्डेड वायर निघते आणि ती सॅडलच्या अगदी तोंडाशी किंवा स्क्रूखाली चिमटून तुटते. काही प्रणालींत या सहा वायरी बोर्डावरच्या पिनांना प्लगने जोडलेल्या असतात. तिथे चौथ्या आणि तिसऱ्या तारेचे प्लग आपसांत बदला. आता तिसरी दबकी झाली तर पिन किंवा बोर्ड खराब. चौथीच दबकी राहिली तर सॅडल किंवा तिची वायर. दुसऱ्या बाबतीत सॅडल एकटं बदलता येतं. वायर परत जोडायची झाल्यास सोल्डरिंगचं टोक क्षणभरच टेकवा. जास्त उष्णतेने स्फटिक आपला गुण गमावतो.

सॅडल एकसंध हाडासारखं आणि खाली पिएझोची लांब पट्टी अशी रचना असेल, तर दोष बहुधा सॅडलच्या तळाचा. काचेवर २२० नंबरचा सँडपेपर पसरून तळ सपाट घासा. एक लक्षात ठेवा, तळाचा अर्धा मिलीमीटर गेला की बाराव्या फ्रेटवर तार सुमारे पाव मिलीमीटर खाली येते. म्हणून चार-पाच हात मारून पुन्हा बसवून ऐकत जा.

प्रश्न : पिएझोचा आवाज प्लॅस्टिकसारखा आणि बदकासारखा येतो. पेडलबोर्डला लावल्यावर खर्जही जातो. दोष गिटारचा का?

उत्तर : खर्ज जाण्याचं कारण गणितात आहे. समजा पिएझोची कपॅसिटी ५०० पिकोफॅरड आहे. प्रीॲम्प नसताना तो थेट १ मेगओहमच्या इनपुटला लावला तर सुमारे ३२० हर्ट्‌झच्या खालचं सगळं ओसरायला लागतं. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्‌झची! तोच पिएझो १० मेगओहमच्या इनपुटला लावला की ती मर्यादा ३२ हर्ट्‌झवर जाते. म्हणून बॅटरीवरचा प्रीॲम्प गिटारमध्येच असतो. तुमच्या गिटारचा प्रीॲम्प आहे पण बॅटरी उतरलेली असेल, तर चिरका, फाटका आवाज येतो. नवी बॅटरी घालून बघणं ही पहिली पायरी.

दुसरी गोष्ट जॅकची. अनेक गिटारींचा जॅक स्टीरिओ असतो: एका टोकावर चुंबकीय, दुसऱ्यावर पिएझो. साध्या मोनो केबलने कुठल्या गिटारमध्ये दोन्ही मिसळून येतात, कुठल्यात एकच येतो. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघा आणि वाय केबलने दोन वाटा वेगळ्या करा. चुंबकीय वाट पेडल आणि गिटार ॲम्पकडे, पिएझोची वाट डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारा डबा) थेट मिक्सरकडे किंवा अकूस्टिक ॲम्पकडे. पिएझो डिस्टॉर्शनमधून नेला तर तळहाताची प्रत्येक सळसळ गर्जून येते.

आणि ते बदक थोडंफार राहणारच. सॅडलवरचा स्फटिक बॉडीचं घुमणं टिपत नाही, फक्त तारेचा आघात टिपतो. इक्वलायझरवर दीड ते तीन किलोहर्ट्‌झच्या दरम्यान ३ ते ५ डेसिबल कमी करा, ८० हर्ट्‌झच्या खाली कापा आणि ट्रेबल वाढवण्याचा मोह टाळा. पिकचा हातही हलका हवा, जोरात मारलं की प्रीॲम्प चेपला जातो आणि बदक वाढतं. याहून पुढे जायचं असेल तर अकूस्टिक बॉडीचा इम्पल्स रिस्पॉन्स (तिच्या घुमण्याचा नोंदवलेला ठसा) चालवणारं पेडल पिएझोच्या वाटेवर ठेवा. आमच्या मते पैसे घालायचेच तर इथे घालावेत. महागड्या सॅडलपेक्षा फरक जास्त पडतो.

प्रश्न : अकूस्टिकसारखा आवाज हवा म्हणून ब्राँझच्या तारा घातल्या तर?

उत्तर : सॉलिड बॉडीवर नको. ब्राँझचं वेटोळं चुंबकाला दिसत नाही, पिकअपला आतला पोलादी गाभाच तेवढा कळतो. म्हणून इलेक्ट्रिक आवाजात खालच्या चार तारा दबतात आणि वरच्या दोन ओरडतात. शिवाय १२–५३च्या (पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) अकूस्टिक सेटचा एकूण ताण सुमारे ७० किलो, १०–४६च्या इलेक्ट्रिक सेटचा ४५च्या आसपास. तरंगत्या ट्रेमोलोचा ब्रिज इतक्या ताणाने पुढे उचलला जातो. निकेलच्या ११–४९ तारा घ्या, तिसरी वेटोळ्याची मिळाली तर उत्तम: पिएझोवरचा तिचा उठून दिसणारा आवाज जागेवर येतो. फेंडर अकूस्टासॉनिकचा चुंबकीय पिकअप ब्राँझच्या तारा गृहीत धरूनच केलेला आहे, तिथे हा नियम लागू नाही.

प्रश्न : माझ्याकडे चांगली इलेक्ट्रिक आहेच. तिलाच पिएझो बसवता येईल का?

उत्तर : येईल. सहा सॅडल किंवा पूर्ण ब्रिज, प्रीॲम्प, बॅटरीची जागा, स्टीरिओ जॅक आणि एक जास्तीचा नॉब लागतो. खरेदीआधी ब्रिजवरचं पहिल्या आणि सहाव्या तारेमधलं अंतर मोजा, ५२.५ आणि ५४ मिलीमीटर अशी दोन मापं सर्रास दिसतात आणि चुकीचं सॅडल बसत नाही. नंतर कंट्रोलच्या खाचेत बॅटरी मावते का ते प्रत्यक्ष ठेवून बघा, बहुतेक बेत तिथेच अडतात. खाच खोल करायची वेळ आली तर काम अनुभवी माणसाकडे द्या.

प्रश्न : बॅटरी चार दिवसांत संपते. असं का?

उत्तर : केबल जॅकमध्येच राहते का? केबल घातली की जॅकचा एक संपर्क बॅटरी चालू करतो, वाजवा किंवा न वाजवा. केबल काढूनही बॅटरी उतरत असेल तर क्लिपचं एक टोक सोडवा, मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून बॅटरी आणि त्या टोकाच्या मध्ये लावा. केबल नसताना आकडा शून्य हवा. नसेल तर जॅकची पाती वाकली आहे किंवा जॅक बदलताना कुणीतरी मोनो बसवून बॅटरीची काळी वायर थेट ग्राउंडला जोडली आहे.