दवाखान्याच्या बांधकामाची निविदा कोणती, बी-१ की ईपीसी?

अरे, प्राथमिक आरोग्य केंद्राला बी-१, म्हणजे टक्केवारीची निविदा, पुरते. अंदाजपत्रक आपलं, नकाशा आपला. ठेकेदार फक्त अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी-जास्त ते भरतो. जिल्हा रुग्णालयाला मात्र ईपीसी, म्हणजे डिझाइन, खरेदी, बांधकाम सगळं एकाच ठेकेदाराकडे, अशी सुचवलीस, तर आधी गरजा पक्क्या कर. डिझाइन ठेकेदाराचं, रक्कम ठोक. मग मध्येच 'इथे डायलिसिस हवं' म्हटलं की वाढीव खर्चाचं भांडण ठरलेलंच. म्हणून गरजांच्या खोलीनिहाय यादीवर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही निविदेआधीच घे. ऑक्सिजनची पाइपलाइन, शस्त्रक्रियागृहाचं एसी, सगळं त्यात. एक्स-रेच्या खोलीचा आराखडा एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) किरणोत्सर्ग-सुरक्षेच्या नियमात बसतो का, तेही बघ. भिंत उभी राहिल्यावर जाडी वाढवत बसणं म्हणजे ताप. आणि लिफ्टच्या देखभालीची वर्षं निविदेतच लिही, नंतर कुणी विचारत नाही.