‘क्लीन अँड जर्क’मधला जर्क

प्रश्न : जर्क म्हणजे झटका ना? मग वजन उचलताना झटका कुठे असतो? (एक वाचक, सांगली)

उत्तर : असतो, आणि तो पायांचा असतो. वेटलिफ्टिंगच्या ‘क्लीन अँड जर्क’ प्रकारात आधी क्लीनमध्ये बार, म्हणजे वजनं लावलेला दांडा, जमिनीवरून खांद्यांवर येतो. मग जर्कमध्ये गुडघे किंचित वाकवून बार एकदम वर उडवायचा, त्याच क्षणी पाय पुढे-मागे टाकून सरळ हातांनी त्याच्याखाली शिरायचं. कोपर वाकलं आणि मग रेटून सरळ केलं, तर पंच लिफ्ट बाद करतात. मी मुलींना रोज हेच बजावते, हातांवर विसंबू नका!

तुमच्याच सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅचमध्ये (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर) ११३ किलो आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो उचलून रौप्य जिंकलं. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावलं, तरी तो तिसऱ्यासाठी उभा राहिला.

बस झटक्यानं थांबली, तरी इंग्रजीत जर्कच म्हणतात. माणसाला मात्र जर्क म्हणू नका, ती शिवी होते.