काळ्या-बांड्या गाईला तांबडी कालवड

प्रश्न : डॉक्टरताई, आमची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय काळी-बांडी आहे. दर वेळी काळ्या-पांढऱ्या एचएफ वळूचीच कांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) भरली आणि पहिल्या दोन वेतांना वासरंही काळी-बांडीच झाली. या खेपेला मात्र तांबडी-पांढरी कालवड झाली. नाक गुलाबी, कपाळावर चांद, चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. घरचे म्हणतात, रेतन करणाऱ्याने जर्सीची कांडी भरली. त्याच्याशी भांडण झालंय. व्यापारी म्हणतो, तांबडी एचएफ दुधाला कमी, आत्ताच काढून टाका. सासऱ्यांना ते पटलंय. काय करू?
एक वाचक भगिनी, सिन्नर तालुका

उत्तर : ताई, कालवड विकू नका. आणि जमलं तर रेतन करणाऱ्याशी झालेलं भांडण याच आठवड्यात मिटवा, कारण तुम्ही लिहिलेल्या खुणा त्याच्याच बाजूने बोलतात.

गुरांचा काळा-तांबडा रंग मुख्यतः एका जनुकावर ठरतो. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. काळ्याची प्रत वरचढ, ती एक जरी असली तरी जनावर काळं. तांबड्याची प्रत दबून राहते, आणि दोन्हीकडून तीच आली तरच वासरू तांबडं होतं. तुमच्या गाईत तांबड्याची एक प्रत दडलेली आहे, वळूतही होती. अशा जोडीला दर वेताला चारात एक वासरू तांबडं होण्याची शक्यता. आधीची दोन काळी झाली म्हणून ही शक्यता वाढत नाही, आणि आता एक तांबडं झालं म्हणून पुढच्या वेताला कमीही होत नाही.

आता जर्सीचं बघू. एचएफचे मोठे पांढरे पट्टेही दबणाऱ्या प्रतीमुळेच येतात. एकरंगी जर्सीची कांडी असती तर वासरू सहसा जवळजवळ एकाच रंगाचं झालं असतं, फार तर पोटाखाली किंवा कपाळावर थोडा पांढरा. गुडघ्यापर्यंत पांढरे पाय आणि अंगभर ठळक पट्टे सहसा आले नसते. शिवाय जर्सीचं नाक काळं आणि त्याभोवती फिकट कडं असतं. तुमच्या कालवडीचं नाक गुलाबी आहे. मला तरी ही एचएफचीच लेक दिसते. तरीही घरच्यांची खात्री पटत नसेल तर रेतनाच्या नोंदीतला वळूचा क्रमांक काढा. कांडीवर तो छापलेलाच असतो. वळूंच्या यादीत ज्यांच्यात तांबडा दडलेला आहे त्यांच्यापुढे बहुधा ‘आरसी’ (रेड कॅरियर) अशी खूण असते. अगदीच अडलं तर आई, वळू आणि वासरू यांची डीएनए तपासणी शेवटचा निकाल देते. यापुढे रिकामी कांडी मागून घ्या आणि तारीख लिहून जपून ठेवा.

हाच पेच परदेशात मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांत फार जुना आहे. अँगस ही मूळ स्कॉटलंडची, बिनशिंगी, काळी जात. अमेरिकेतल्या अँगस नोंदवहीने १९१७ पासून तांबडी जनावरं बाद केली. तरी काळ्या आईबापांच्या पोटी तांबडी वासरं होतच राहिली, कारण वही बंद केली तरी दडलेली प्रत रक्तातून जात नाही. अखेर १९५४ साली तांबड्या अँगसवाल्यांनी स्वतःची संघटनाच काढली. वळूत तांबडा आहे का हे ताडायला पूर्वी तो तांबड्या गाईंना देत. दडलेला असेल तर निम्मी वासरं तांबडी व्हायची. दडलेला असूनही सलग सात काळी होणं हा १२८ मध्ये एखादाच योगायोग, म्हणून सात काळी झाली की वळूत तांबडा नाही असं धरायचे. आता शेपटीचे केस मुळासकट उपटून प्रयोगशाळेत पाठवले की उत्तर मिळतं. या जातीत दोन तांबड्यांच्या पोटी काळं वासरू आलं तर मात्र जरूर शंका घ्यावी. काळा लपून राहत नाही. (सगळेच रंग असे वागत नाहीत. शॉर्टहॉर्नमध्ये तांबडा आणि पांढरा एकत्र आले की दोन्ही रंगांचे केस मिसळलेलं वासरू होतं.)

तुमच्या व्यापाऱ्यासारखी माणसं तिकडेही आहेत. १९७८ मध्ये अमेरिकेत अँगस मांस खास ब्रँडच्या नावाने विकण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला, त्यात जनावराचं अंग बहुतांशी काळं असण्याची अट होती. काळ्याला भाव आला, तशा मूळच्या तांबड्या-पिवळ्या सिमेंटल आणि लिमोझिन जातीही पैदाशीने काळ्या करण्यात आल्या. कातडीच्या रंगाने मांसाची प्रत ठरत नाही, भाव मात्र ठरला.

दुधाचंही तेच आहे. तांबडेपणामुळे दूध घटत नाही. आईचं वेताचं दूध किती, फॅट किती, कास आणि आचळ कसे, वळूच्या मुलींनी काय दिलं, हे सासऱ्यांपुढे मांडा. कालवडीला चीक वेळेवर मिळाला का आणि तिची वाढ कशी आहे, यावर तिचं पहिलं वेत जास्त अवलंबून आहे. ती माजावर आली की वळू दुधाच्या वंशावळीवर निवडा. ज्याच्यात तांबडा अजिबात दडलेला नाही असा काळा वळू दिलात तर वासरं काळीच होतील, पण प्रत्येकात तांबड्याची एक प्रत राहील.

प्रश्न : सांगोल्याकडून खिलार गाय आणली. ती पांढरीशुभ्र आहे, पण वासराच्या माथ्यावर तांबूस डाग आहे. भेसळ तर नाही?
एक वाचक, निफाड

उत्तर : खिलार वासराच्या माथ्यावर जन्मतः तांबूस छटा असते आणि साधारण दोन महिन्यांत ती जाते. आपल्या इतर पांढऱ्या देशी जातींतही वासरं जन्मताना तांबूस दिसतात, मग पांढरी होतात. त्याचा आजचा एक फोटो काढून ठेवा. तीन महिन्यांनीही डाग तसाच राहिला तर दोन्ही फोटो मला पाठवा.