पुढच्या हंगामात पहिल्यांदाच हेअरलूम (पिढ्यानपिढ्या बी धरून जपलेल्या जुन्या वाणांचे) टोमॅटो लावतोय, पाच-सहा झाडांपुरती जागा आहे. कोणती वाणं निवडू?

आधी फोटो बघून यादी केली असेल तर ती बाजूला ठेवा, फोटोत सगळेच टोमॅटो भारी दिसतात. पहिलं बघायचं ते किती दिवसांत फळ येतं, आणि हे दिवस बी पेरल्यापासून नाही तर रोप जमिनीत लावल्यापासून धरलेले असतात, म्हणजे रोप तयार व्हायचे सहा ते आठ आठवडे त्यात आणखी मिळवा. स्टुपिस साधारण 55-60 दिवसांत सुरू होतो, चेरोकी पर्पल 80 च्या आसपास, आणि ब्रँडीवाइन 90 किंवा त्याहूनही जास्त घेतो.

हे एवढं सांगतोय कारण खरा प्रश्न उष्णतेचा असतो. दिवसा 32 अंशांच्या वर आणि रात्रीही 22-24 च्या खाली येत नसेल तर परागकण नीट काम करत नाहीत, फुलं येतात आणि गळून जातात, झाड मात्र हिरवंगार, त्यामुळे आपण उगाच खतं घालत बसतो. मोठ्या फळांच्या वाणांना हा फटका जास्त बसतो, चेरी टोमॅटो बरेच तग धरतात. तुमच्याकडे कडक ऊन किंवा कडक थंडी कधी सुरू होते ते धरा आणि तिथून उलटं मोजत या. मधला काळ कमी असेल तर ब्रँडीवाइनचा मोह सोडाच, चव अप्रतिम असते हे खरं, पण झाडाला मोजकीच फळं लागतात आणि सहा झाडांच्या जागेत ते परवडत नाही.

माझं मत विचाराल तर चेरोकी पर्पलची दोन झाडं लावा. याचं बी 1990 मध्ये अमेरिकेतल्या क्रेग लेहूलियर यांना टेनेसीहून पत्रातून आलं होतं, हे नावही त्यांनीच दिलं. चव गोड-आंबट आणि भरलेली, आणि फळंही बऱ्यापैकी लागतात. एक स्टुपिस लवकर खायला मिळावं म्हणून, एक चेरी (यलो पेअर दिसायला गोड पण मला चवीला फिकाच वाटतो, त्यापेक्षा मॅट्स वाइल्ड चेरी घ्या), आणि सॉस करणार असाल तरच सॅन मार्झानो, त्याला पाणी कमीजास्त झालं की फळाचं बूड काळं पडतं. ग्रीन झेब्रा 1983 मध्ये टॉम वॅगनर यांनी आणलेला आहे, काटेकोर लोक त्याला हेअरलूम म्हणत नाहीत, पण बी धरून पुन्हा तसाच येतो, आवडत असेल तर खुशाल लावा.

त्याच मातीत आधी टोमॅटो, वांगी, मिरची मर रोगाने गेली असतील तर तिथे हेअरलूम नको. हायब्रिडच्या पाकिटावर व्ही, एफ, एन अशी अक्षरं असतात ना, ती या रोगांना आणि सूत्रकृमीला (मुळांना लागणारे बारीक कृमी) असलेली प्रतिकारशक्ती दाखवतात, जुन्या वाणांत ती सहसा नसते. नवी माती भरलेल्या मोठ्या कुंड्या वापरा.

आणि बी धरायचं असेल तर ब्रँडीवाइन, स्टुपिससारख्या, बटाट्यासारखी पानं असलेल्या वाणांवर जरा जास्त लक्ष ठेवा, त्यातल्या बऱ्याच वाणांत स्त्रीकेसर फुलाबाहेर डोकावतो आणि मधमाशी दुसऱ्या झाडाचे पराग आणून टाकते. कळ्या उमलायच्या आधी एका घोसावर पातळ कापडाची पिशवी बांधा, फळ धरलं की काढा आणि त्या घोसाला दोरा बांधून खूण करा.