पहिली दुर्बीण घेतोयस? आधी तिचा स्टँड बघ

प्रिय मित्रा,

तू तीन दुर्बिणींचे फोटो पाठवलेस आणि यातली कुठली घेऊ म्हणून विचारलंस. माझं स्पष्ट मत आहे की तिन्हीपैकी एकही घेऊ नकोस. का ते जरा सविस्तर सांगतो, म्हणजे चौथी तुझी तूच शोधशील.

पहिल्या फोटोतल्या खोक्यावर "६७५ पट" असं केवढ्या मोठ्या अक्षरात छापलंय. गणितात तो आकडा खोटा नाहीये, फक्त उपयोगाचा नाहीये. मॅग्निफिकेशन म्हणजे दुर्बिणीची फोकल लेंथ (लेन्स किंवा आरसा प्रकाश किती अंतरावर एकत्र आणतो ते) भागिले आयपीसची, म्हणजे डोळा लावायच्या लेन्सची, फोकल लेंथ, बस. ९०० मिमीच्या दुर्बिणीला ४ मिमीचा आयपीस लावला की २२५ पट झाले, मध्ये ३ पटीची बार्लो लेन्स घातली की ६७५. असं कुठल्याही दुर्बिणीचं कितीही करता येतं. पण त्या दुर्बिणीची पुढची लेन्स आहे फक्त ६० मिमीची, आणि लेन्सच्या किंवा आरशाच्या दर मिलिमीटरमागे फार तर २ पट असा आपल्यात ठोकताळा आहे, म्हणजे १२०. त्याच्या पुढे गेलास की गुरू मोठा दिसेल खरा पण अंधुक आणि फिस्कटलेला, त्याच्यावरचा एकही जास्तीचा पट्टा दिसणार नाही. आणि दुर्बीण मोठी असली तरी वरची हवा स्थिर नसते, त्यामुळे बऱ्याच रात्री दीडशे-दोनशे पटीच्या वर जाण्यात काही अर्थ राहत नाही. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चंद्र शोधले ते साधारण २० पट दाखवणाऱ्या नळीतून, हे लक्षात ठेव.

मग बघायचं काय, तर अ‍ॅपर्चर, म्हणजे पुढच्या लेन्सचा किंवा आतल्या आरशाचा व्यास. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमी उघडते, त्या हिशोबाने १५० मिमीचा म्हणजे ६ इंची आरसा डोळ्याच्या साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. व्यास दुप्पट केला की प्रकाश चौपट. एवढं तुला बहुतेक माहीतच असेल, सगळेच सांगतात.

जे फारसं कोणी सांगत नाही ते स्टँडचं. अर्धी दुर्बीण म्हणजे तिचा स्टँड, आणि नवीन लोकांचा छंद सुटतो तो बहुतेक वेळा लेन्समुळे नाही, स्टँडमुळे सुटतो. तुझ्या दुसऱ्या फोटोतली दुर्बीणच बघ, नळी ठीक आहे, पण खालचा ट्रायपॉड काड्यांसारखा आणि त्यावर ते काउंटरवेट लटकवलेलं इक्वेटोरियल माउंट, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायच्या तिरक्या अक्षावरची बैठक. १०० पटीला फोकसरला, म्हणजे चित्र स्पष्ट करायच्या भागाला, नुसतं बोट लावलंस की शनी नाचायला लागतो, तो थांबेपर्यंत पृथ्वी फिरत असल्यामुळे तो दृश्याच्या कडेला गेलेला असतो, परत मध्ये आणायला नॉब फिरवायचा की परत नाच सुरू. २०० पटीला तर ग्रह साध्या आयपीसमध्ये या कडेपासून त्या कडेपर्यंत जेमतेम मिनिटभरात जातो. इक्वेटोरियल माउंट वाईट नसतं, भक्कम असेल आणि अक्ष ध्रुवाकडे नीट लावला असेल तर एकच नॉब फिरवत ग्रहाच्या मागे राहता येतं, पण भक्कम इक्वेटोरियल जड आणि महाग असतं. म्हणून दुकानात गेलास तर आधी नळीला हलकेच टपली मार आणि आयपीसमधून बघ चित्र किती वेळ थरथरतंय, एक-दोन सेकंदात थांबलं तर ठीक, चार-पाच सेकंद लागले तर सरळ सोडून दे.

इथे मला डॉब्सोनियन (थोडक्यात डॉब) या साध्या खोक्यावर बसणाऱ्या आरशाच्या दुर्बिणीबद्दल बोलायचंय आणि जरा प्रेमाने बोलायचंय. जॉन डॉब्सन नावाचे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात २३ वर्षं संन्यासी होते, जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून आरसे करायचे, पुठ्ठ्याच्या नळीत बसवायचे आणि प्लायवूडच्या खोक्यावर ठेवायचे. १९६७ मध्ये मठ सुटला आणि १९६८ पासून त्यांच्याभोवती फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवणाऱ्यांचा ग्रुपच उभा राहिला. त्यांनी या माउंटचं पेटंट वगैरे काही घेतलं नाही, म्हणून आज कुठलीही कंपनी ते बनवते. नळी खोक्यात बसते, वर-खाली आणि डावी-उजवीकडे हाताने ढकलायची, एवढंच. पाय नाहीत, वजनं नाहीत, ध्रुव शोधणं नाही. पैसा जवळपास सगळा आरशात जातो आणि स्टँड दगडासारखा स्थिर. म्हणून माझं उत्तर ६ इंची डॉब, साधारण १२०० मिमी फोकल लेंथची, म्हणजे एफ/८ (फोकल लेंथ व्यासाच्या ८ पट). तिच्याबरोबर बहुतेक २५ आणि १० मिमीचे आयपीस येतात, म्हणजे ४८ आणि १२० पट, सुरुवातीला दुसरं काही लागत नाही. तिचं कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आणणं, अधूनमधून करावं लागतं, त्याला लोक उगाच घाबरतात, एकदा कोणाकडून हाताने शिकून घेतलंस की पाच मिनिटांचं काम आहे.

पण एक अट. ती तुला उचलता आली पाहिजे. नळी सव्वा मीटर लांब असते आणि खोक्यासकट पंधरा-सोळा किलोच्या आसपास जाते, नळी वेगळी खोकं वेगळं अशा दोन खेपा होतात. तू वरच्या मजल्यावर राहत असशील, लिफ्ट नसेल, गच्ची लांब असेल तर खरंच विचार कर, कारण आठवड्यातून दोनदा बाहेर निघणारी लहान दुर्बीण कपाटामागे उभ्या असलेल्या मोठ्या दुर्बिणीपेक्षा कितीतरी जास्त दाखवते. अशा वेळी टेबलावर ठेवायची १३० मिमीची छोटी डॉब घे, फक्त टेबल डुगडुगतं नको, किंवा ७०-८० मिमीचा रिफ्रॅक्टर, म्हणजे लेन्सची दुर्बीण, भक्कम साध्या ट्रायपॉडवर.

तिसऱ्या फोटोतल्या दुर्बिणीबद्दल दोनच वाक्यं. ११४/१००० (व्यास ११४ मिमी, फोकल लेंथ १००० मिमी) लिहिलंय पण नळी अर्ध्या मीटरचीच दिसतेय, म्हणजे फोकसरमध्ये जास्तीची लेन्स घालून फोकल लेंथ ताणलेली आहे. ही डिझाइन स्वस्तात नीट बनत नाही आणि कोलिमेट करताना नवीन माणूस रडकुंडीला येतो.

आता दिसेल काय, कारण अपेक्षाभंग इथेच होतो. शनीची कडी २५-३० पटीलाच वेगळी कळतात, ६ इंचीत १२० पटीला हवा शांत असेल तर कड्यांमधली काळी फट पण दिसते. गुरूचे पट्टे, चार चंद्र, आणि आपला चंद्र तर बघत राहावा असा, पण पौर्णिमेला नको, अष्टमीच्या आसपास बघ, प्रकाश-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. वसिष्ठ बघ, अरुंधती सोडून तो स्वतःच दोन ताऱ्यांचा निघतो. हे सगळं शहरातल्या उजेडातही दिसतं. तेजोमेघ आणि दीर्घिकांचं मात्र तसं नाही. फोटोत गुलाबी-निळा दिसणारा मृगातला तेजोमेघ डोळ्याला करडा, फार तर हिरवट दिसेल, कारण मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. देवयानी दीर्घिका म्हणजे एक लांबट धुरकट डाग. पण तो प्रकाश २५ लाख वर्षं प्रवास करून थेट तुझ्या डोळ्यात शिरलाय, स्क्रीनवरून नाही, आणि ज्याला हे भिडतं तो हा छंद आयुष्यभर सोडत नाही. अंधारात वीस-तीस मिनिटं डोळे सरावू दे, मोबाईल खिशात, आणि डागाकडे सरळ न बघता किंचित बाजूला बघ, जास्त दिसेल.

फोटोग्राफीचं पण विचारलंयस. आयपीसला फोन लावून चंद्राचे छान येतात, दीर्घिकांचे फोटो हा वेगळा खर्च आणि वेगळा अभ्यास आहे, पहिल्या दुर्बिणीवर ते ओझं टाकू नकोस.

आणि सूर्य. यात मी अजिबात ढिलाई सहन करणार नाही. दुर्बीण कुठलीही असो, नळीच्या पुढच्या तोंडावर पूर्ण बसणारा खास सोलर फिल्टर असल्याशिवाय सूर्याकडे वळवायची नाही, क्षणभरही नाही, आणि फाइंडरवर, म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीवरसुद्धा, झाकण हवं. जुन्या किंवा स्वस्त दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायचा छोटा काळा सन फिल्टर येतो, तो उष्णतेने तडकू शकतो आणि डोळा कायमचा जातो. असा मिळाला तर फोडून टाक, कपाटात ठेवू नकोस, घरातलं दुसरं कोणीतरी वापरेल.

लगेच ऑर्डर करू नकोस. आधी जवळच्या आकाशदर्शनाच्या ग्रुपबरोबर एक रात्र जा, चार प्रकारच्या दुर्बिणींना डोळा लाव, ७×५० किंवा १०×५० बायनॉक्युलर मिळाला तर कृत्तिका आणि पुष्याचा तारकागुच्छ त्यातून बघ, नक्षत्रं ओळखायला लाग. दुर्बिणीत आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो, तो कुठला तुकडा हे डोक्यात असावं लागतं.

दुर्बीण आली की पहिलं काम दिवसा कर. सूर्याच्या विरुद्ध बाजूचा एखादा लांबचा टॉवर २५ मिमीच्या आयपीसमध्ये मधोमध आण आणि फाइंडरचे स्क्रू फिरवून तोच टॉवर फाइंडरच्याही मध्यावर आण. हे न करता पहिल्या रात्री बसलास तर चंद्र सापडायलाच अर्धा तास जाईल.

बाकी मला तीन गोष्टी कळव, जिना किती चढायचाय, तुझ्याकडून आकाश कुठल्या दिशेला मोकळं आहे आणि एकट्याने किती वजन उचलशील. मग ६ इंची की १३० मिमी ते फोनवर ठरवू.

तुझा,
काका