उरलेले २६० तास

पत्र असं: "मुलगी डी.फार्म.चं दुसरं वर्ष संपवून धंतोलीतल्या एका मेडिकल स्टोअरमध्ये ट्रेनिंगला जाते. रोज सहा तास, चाळीस दिवस झाले. काम म्हणजे खोके फोडणं, माल रॅकला लावणं, बिलिंग. तिथले सर म्हणतात, सर्टिफिकेट मिळून जाईल. ती पार कंटाळलीय, लाइनच बदलायची म्हणते. जागा बदलावी का?" – एक वडील, मानेवाडा, नागपूर

नमस्कार. लाइन बदलायचं तूर्त राहू द्या, आधी तास मोजा. डी.फार्म.चं, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाचं, हे ट्रेनिंग किमान तीन महिन्यांचं आणि ५०० तासांचं असतं. त्यातले निदान २५० तास चिठ्ठीवरून औषध देण्यात जायला हवेत. तिचे २४० तास खोक्यांत गेले, उरले २६०. उद्यापासून ती काउंटरवर उभी राहिली तरच हिशेब बसतो, तोही जेमतेम. तेव्हा बोलणं लांबणीवर टाकू नका.

खोके फोडणं वाया गेलं असं नाही. बॅच नंबर बघणं, लवकर एक्स्पायर होणारा माल पुढे लावणं तिथंच अंगवळणी पडतं. पण ते पंधरा दिवसांत येतं.

सर काउंटर का देत नसतील? चुकीचं औषध गेलं तर ते त्यांच्या अंगावर येतं, आणि संध्याकाळी ओपीडी सुटली की धंतोलीत शिकवायला कुणाला उसंत नसते. म्हणून मोघम मागू नये. दुपारी दुकान निवांत असताना तिनं म्हणावं, "सर, रोज दहा चिठ्ठ्यांची औषधं मी काढते, गिऱ्हाइकाला देण्याआधी तुम्ही तपासा." एवढ्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

चिठ्ठी वाचणं म्हणजे नुसतं नाव ओळखणं नव्हे. समजा, लहान मुलाला अँटिबायोटिक २५० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाच दिवस लिहिलंय आणि बाटलीवर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम आहे. एका वेळी १० मिली, दिवसाला ३०, एकूण १५०. ६० मिलीची एकच बाटली दिली तर ती दोन दिवसांत संपते आणि आईला वाटतं, कोर्स झाला. बाटल्या तीन लागतात. हे औषध बाटलीत पावडर म्हणून येतं; पुढच्या बाटलीत पाणी आधीची संपल्यावरच, खुणेपर्यंत घालायचं. हा हिशेब तिनं स्वतः मांडून सरांकडून तपासून घेतला, तर तो तास खरा.

सोबत शेड्यूल एच१चं, म्हणजे कायद्यानं विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांचं, रजिस्टर लिहायला मागावं: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, नग. ते तीन वर्षं जपावं लागतं. फ्रिजचं तापमानही तिनंच नोंदवावं, २ ते ८ अंश. नागपूरच्या मे महिन्यात वीज गेली की ते भराभर चढतं. उलट बर्फाच्या कप्प्याला टेकलेलं इन्सुलिन गोठून निकामी होतं.

चार-पाच दिवसांत फरक पडला नाही तर जागा जरूर बदला, पण परस्पर नको. कराराचा फॉर्म कॉलेजमार्फत भरलेला असतो, म्हणून प्राचार्यांना भेटा आणि झालेल्या तासांवर तारखेनिशी सही घेऊनच निघा. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांसाठी कॉलेजचं पत्र मागता येईल. तिथं चिठ्ठ्या भरपूर, हात वेगात बसतो, पण रांगेमुळे रुग्णाशी बोलणं कमी. मला विचाराल तर मध्यम दुकान बरं. होकार देण्याआधी तिथं एवढं विचारा: फार्मासिस्ट स्वतः किती ते किती काउंटरवर असतात?