बिल्ल्यावरचा हंस कुणाचा?

प्रश्न: हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात 50 रुपयांना एक इनॅमलचा बिल्ला घेतला. ढालीचा आकार, आत लांब मानेचा पांढरा पक्षी आणि ढालीच्या खाली जौत्सेनो की कायसं लिहिलंय. पोरगा म्हणतो फुटबॉल क्लबचा असेल, मला आपला बदकांच्या फार्मचा वाटतो. नक्की काय हे?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: अहो बाब, बदक कसलं, हंस आहे तो! आणि क्लबबिब नाही, गाव आहे. म्हणजे होतं. उच्चार योउत्सेनो, फिनलंडच्या आग्नेयेला सायमा नावाचं अवाढव्य तळं आहे त्याच्या काठी, 2009 साली ही नगरपालिका शेजारच्या लापेनरांतात विलीन झाली (आपल्याकडे दोन पंचायती एक करायचं नुसतं बोलून बघा!). फिनिशमध्ये योउत्सेन म्हणजे हंस, म्हणून ढालीवर हंस, इतकं सरळ आहे. नावाचंच चित्र काढायचं ही युरोपातली जुनी सवय, उद्या मोरजी पंचायतीनं ढालीवर मोर काढला तर कसं होईल तसंच, गावाचं नाव खरंच मोरावरून पडलं का हे कोण विचारत बसतंय.

1949 च्या कायद्यानं तिथल्या पालिकांना अशी चिन्हं घ्यायची मुभा मिळाली आणि मग रांगच लागली. नियम मात्र कडक, रंग मोजकेच, ढालीच्या आत अक्षरं नकोत, पांढरा म्हणजे चांदी नि पिवळा म्हणजे सोनं, आणि चांदीवर सोनं काढायचं नाही, गडद रंग हवा, कारण लांबून ओळखू आलं पाहिजे. आपल्या गोव्याच्या कदंब बसवरचा सिंह बघा, स्टँडच्या दुसऱ्या टोकावरून कळतो, तोही मूळचा राजचिन्हातलाच.

हंसाची गोष्ट मला जास्त आवडते. आपल्याकडे तो सरस्वतीचा, तिथल्या जुन्या कथांत तो मृतांच्या देशातल्या काळ्या नदीत पोहतो आणि त्याला मारायला गेलेला वीर स्वतःच मरतो. तरी लोकांनी शिकार केलीच, 1934 ला कायद्यानं संरक्षण मिळूनसुद्धा 1950 च्या सुमारास देशभरात जेमतेम 15 जोड्या उरलेल्या. आता हजारोंनी आहेत, 1981 पासून राष्ट्रीय पक्षी. घरात कुणी युरोपातून आलेलं असेल तर सुटी नाणी चाळा, फिनलंडच्या 1 युरोवर दोन हंस उडताना सापडतील.

आणि बिल्ला चिंच लावून घासू नका हां, चांदी म्हटलं तरी ते पांढरं इनॅमलच आहे.